वार बरोबर, तारीख चुकीची

जीपीएसला उपग्रह सापडायला त्या दिवशी नेहमीपेक्षाही जास्त वेळ लागला. बोटीच्या केबिनमध्ये, चार्टच्या टेबलाच्या वर, राखाडी पडद्याचा हा डबा स्क्रूने घट्ट बसवलेला आहे. नकाशा वगैरे काही नाही, नुसते आकडे: अक्षांश, रेखांश, वेग, दिशा. आतली बारकी बॅटरी केव्हाच मेली आहे, त्यामुळे दर वेळी चालू केला की तो गाढ झोपेतून उठवलेल्या माणसासारखा भांबावतो. आपण कुठे आहोत, कोण आहोत, काही आठवत नाही. मग दहा-पंधरा मिनिटांनी आकडे एकदम उमटतात. तसे उमटले. सवयीने फोनवरच्या आकड्यांशी ताडून पाहिले, तंतोतंत जुळले. आणि का कोण जाणे, त्या दिवशी माझी नजर खालच्या कोपऱ्यातल्या बारीक अक्षरांवर गेली. तिथे तारीख होती: २४ फेब्रुवारी २००५. बाहेर १० ऑक्टोबर २०२४ चालू होता. बोट घेऊन तीन वर्षं झाली होती, आणि या डब्यात तारीखही दिसते हे मला माहीतच नव्हतं. तारीख बघायला जीपीएसकडे जातं कोण?

यात गूढ काही नाही, हे मला घरी आल्यावर कळलं. उपग्रह तारीख पाठवत नाहीत, आठवडे मोजून पाठवतात, ६ जानेवारी १९८० पासून. पण आठवड्याच्या आकड्याला जागा ठेवली आहे दहा बिटांची, म्हणजे ० ते १०२३. त्यापुढे पुन्हा शून्य, जुन्या गाडीच्या किलोमीटरच्या मीटरसारखं. पहिली फेरी २१ ऑगस्ट १९९९ ला संपली, दुसरी ६ एप्रिल २०१९ ला. आपण आता तिसऱ्या फेरीत आहोत हे माझ्या डब्याला कुणी सांगितलेलं नाही. तो बिचारा अजून दुसरीतच आहे, बरोबर १०२४ आठवडे मागे. जागेचं गणित वेगळं चालतं, त्यामुळे तिथे चूक नाही. आणि मागे पडला तोही पूर्ण आठवड्यांनी, त्यामुळे वारही चुकत नाही. १० ऑक्टोबर २०२४ हा गुरुवार होता. २४ फेब्रुवारी २००५ हाही गुरुवारच.

म्हणून मी वही काढली.

वही म्हणजे काकांची. बोट १९७६ ची, काकांकडे ती १९८८ पासून होती. मला किल्ल्या देताना त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेल्या दोन जाड वह्या दिल्या आणि म्हणाले, "पोरी, माझे सांधे गेले, तिचे जोड अजून धड आहेत. पण आधी हे वाच." मी वाचल्या नव्हत्या. म्हणजे चाळल्या होत्या. नवं घर घेतल्यावर आधीच्या मालकाची लाइटची बिलं कुणी वाचत बसतं का? निळ्या शाईत, एका ओळीला चिकटून दुसरी, तारीख, वार, वारा, काय केलं, काय राहिलं. २००५ च्या त्या गुरुवारची नोंद होती: "इम्पेलर फाटला. नवा टाकला. पाती पाच सापडली, सहावं पुढे गेलं. उद्या बघू." पुढची नोंद थेट एकोणीस दिवसांनंतरची, एका फाटक्या शिडाबद्दल. सहाव्या पात्याचं नाव नाही. त्यापुढची पानंही मी उलटून पाहिली, शेवटच्या नोंदीपर्यंत, १८ जून २०११ पर्यंत. नाहीच.

ज्यांनी इंजिनाच्या मागे डोकं घातलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते: इम्पेलर ही रबराची छोटी चक्री, मुठीत मावेल एवढी. ती समुद्राचं पाणी ओढून इंजिनाला गार ठेवते. तिची पाती म्हातारपणी कडक होतात, बुडाशी चिरतात आणि तुटतात. तुटलेलं पातं पाण्याबरोबर पुढे जातं आणि हीट एक्स्चेंजरच्या, म्हणजे इंजिनाची उष्णता समुद्राच्या पाण्याला देणाऱ्या भागाच्या, बारीक नळ्यांच्या तोंडाशी अडकून बसतं. म्हणून नियम असा की जेवढी पाती होती तेवढी मोजून हातात आली पाहिजेत. एखादं राहिलं तर शोधायचं. काकांना हे माझ्यापेक्षा दसपट जास्त कळत होतं. तरी त्यांनी "उद्या बघू" लिहिलं. आणि त्या क्षणी त्यांच्या डोक्याच्या वर हाच डबा होता, आणि तो त्यांना हीच तारीख दाखवत होता. तेव्हा खरी असलेली.

हे माझ्या डोक्यातून काही केल्या जाईना.

जुनी बोट पाळणाऱ्यांबद्दल लोकांची दोन मतं असतात. एक, आपण फार रोमँटिक आहोत. दोन, आपल्याला वेड लागलं आहे. दोन्हींत तथ्य आहे, पण खरी गोष्ट त्याहून कंटाळवाणी. जुन्या बोटीवर सगळ्यात जास्त वेळ जातो तो कशावर विश्वास ठेवायचा हे ठरवण्यात. नव्या बोटीत विश्वास दुकानातूनच सोबत येतो, कागदावर, मुदतीसकट. आमच्याकडे प्रत्येक वस्तूशी स्वतंत्र करार. ही विंच, म्हणजे शिडाच्या दोऱ्या ओढायची फिरकी, भार घेते, पण ओल्या हवेत तिची एक खिट्टी चिकटते. ही पंखी वाऱ्याचा वेग दाखवते, मात्र जोर वाढला की कमी दाखवते, मनात भर घालायची. होकायंत्रातल्या तेलात एक बुडबुडा आहे, तो एका बाजूला सरकला की कळतं बोट किती कललीये. म्हणजे बिघाडसुद्धा कामाला लावलेले. हा करार कुठे लिहिलेला नसतो. दुसऱ्या कुणाच्या हाती सुकाणू दिलं की पहिला अर्धा तास तोच पाठ म्हणून दाखवावा लागतो.

फायबरचा तळ हा त्यातल्या त्यात सरळ स्वभावाचा. त्या काळच्या कारखान्यांना या नव्या मालाचा भरवसा नव्हता, त्यामुळे त्यांनी थरावर थर चढवले असावेत, असं माझं तिच्या जाडीकडे बघून झालेलं मत. लाकडासारखा तो कुजत नाही, पण पाणी पितो. वर्षानुवर्षं पाण्यात राहिलं की वरच्या चकचकीत थरातून ओल आत झिरपते, आतल्या रेझिनच्या उरल्यासुरल्या रसायनांत मिसळते आणि बाहेरून फोड येतात. बोट टेकूंवर उभी केली की मी दर वेळी तळहात तिच्या पोटावरून फिरवते, ताप बघावा तसा. पहिल्या वर्षी एक फोड टोचला. डोळ्यांना चष्मा लावून टोचायचा असतो, कारण आतलं पाणी दाबाखाली असतं, चिळकांडी उडते. उडाली. व्हिनेगरसारखा आंबट वास. बोट तपासायला आलेल्या सर्व्हेयरने छोट्या हातोडीने सगळं पोट ठोकून पाहिलं, टक टक टक, कान लावून, कलिंगडवाल्यासारखं, आणि म्हणाला, याने काही बोट बुडत नाही, जीव घाबरतो एवढंच. खरंच आहे. बोटी फोडांनी बुडत नाहीत. बुडतात त्या अंगठ्याएवढ्या भोकांनी.

ही भोकं बोट बांधणाऱ्यांनीच पाडलेली असतात. इंजिनाला पाणी आत घ्यायला, बेसिनचं बाहेर सोडायला. प्रत्येक भोकावर एक तोटी, तिला सीकॉक म्हणायचं, आणि तोटीला पाइप. माझ्या बोटीत अशी पाच. त्यातली एक माझ्या झोपायच्या फळीखाली, उशीपासून हातभर अंतरावर. दुसऱ्या वर्षी बोट पाण्याबाहेर होती तेव्हा तिचा पाइप बदलायला गेले. पाइप निघत नव्हता म्हणून ज्या तुकड्यावर तो चढवलेला होता तोच जरा हलवला. जरा म्हणजे खरंच जरा, दोन बोटांनी, बाटलीचं बूच फिरवतो तेवढा. कट्‌ असा आवाजसुद्धा झाला नाही. बिस्किटासारखा हातात आला. तुटलेली कड मी उजेडात धरली. पितळ आतून पिवळं असायला हवं ना? ते गुलाबी होतं. मंद, खडूसारखं, हिरडीच्या रंगाचं गुलाबी. साध्या पितळेत तांबं असतं आणि जस्त. खारं पाणी वर्षानुवर्षं त्यातलं जस्त तेवढं खात राहतं. उरतं ते तांब्याचं पोकळ जाळं. आकार तोच, आटे तेच, वरचा हिरवट रंगही तोच. ताकद मात्र शून्य. बाहेरून ओळखायची सोय नाही. त्याच्या आधीच्या आठवड्यात मी रात्रभर शिडावर आले होते, आणि दोन तास त्या फळीवर मेल्यासारखी झोपले होते. पाण्याखाली अर्ध्या मीटरवर एक इंची भोक उघडलं तर मिनिटाला पन्नास-साठ लिटर पाणी आत येतं. हा हिशेब मी नंतर केला. करायला नको होता.

जुनं ते सोनं म्हणणाऱ्यांनी जुनं पितळ पाहिलेलं नसतं. माझं तर तिथे अक्षरशः पितळ उघडं पडलं.

घरी येऊन काकांच्या वहीत शोधलं. "सीकॉक पाहिले. सगळे ठीक." दर वर्षी, न चुकता, त्याच चार शब्दांत. ते खोटं लिहीत नव्हते. तोटी फिरत होती, बंद होत होती, उघडत होती. ते जे पाहत होते ते ठीकच होतं. त्या आठवड्यात मी पाचही बदलल्या, जस्त न सोडणाऱ्या धातूच्या घेतल्या, आणि प्रत्येकीच्या शेजारी मऊ लाकडाचा निमुळता खुंटा दोरीने बांधून ठेवला, फुटलीच तर भोकात ठोकायला. तेव्हापासून त्या फळीवर मी झोपते, पण उलट्या दिशेने. उशी आता पलीकडे. याने काहीही फरक पडत नाही हे मला माहीत आहे.

डोलकाठीला धरून ठेवणाऱ्या तारांचं याच्या बरोबर उलट. पितळेचा नाही तर स्टीलचा तोरा. एकोणीस काड्यांची एकेक तार, स्टेनलेस, उन्हात इतकी लखलखते की तिच्याबद्दल शंका घेणं उद्धटपणा वाटावा. स्टेनलेसला चकाकायला हवा लागते. हवा असेल तोवर ते आपल्या अंगावर एक अदृश्य कवच धरून असतं. जिथे हवा पोचत नाही आणि ओल मात्र राहते, म्हणजे तारेच्या टोकाला दाबून बसवलेल्या नळीत, किंवा डेकमधून खाली जाणाऱ्या पट्टीच्या नेमक्या त्या दडलेल्या दोन सेंटिमीटरांत, तिथे ते गुपचूप चिरत जातं. बाहेर खूण काय, तर एक तपकिरी ओघळ, बोटाने पुसला तरी जाणारा. जुन्या जस्ताच्या मुलाम्याच्या तारांची लोक चेष्टा करतात, पण त्या निदान चारचौघांत गंजायच्या. मी दर मोसमाआधी तारेवरून कापसाचा बोळा फिरवते. तुटकी काडी असेल तिथे धागे अडकतात. विमावाले दहा-बारा वर्षांनी सगळ्या तारा बदला म्हणतात, दिसायला कशाही असोत. पूर्वी मला तो कंपन्यांचा हट्ट वाटायचा. गुलाबी पितळ पाहिल्यापासून मी वाद घालत नाही.

विंचचं मात्र मला कौतुकच आहे. वर्षातून एकदा तिचा टोप काढायचा, काळं पडलेलं ग्रीस डिझेलने धुवायचं, चारी खिट्ट्या आणि त्यांच्या केसाएवढ्या स्प्रिंगा पुन्हा बसवायच्या, ग्रीस अगदी बेताचं. जास्त झालं की खिट्ट्या त्यातच रुततात. पहिल्या खेपेला एक स्प्रिंग माझ्या बोटांतून सुटून, एक टप्पा डेकवर घेऊन, टुपकन पाण्यात गेली. तो आवाज मी विसरणार नाही. आता मी भोवती पुठ्ठ्याचं खोकं धरते. नीट जमलं की दांडा फिरवताना जो आवाज येतो, कटकटकटकट, जाड, एकसारखा, तो अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वी असाच येत असणार याबद्दल माझ्या मनात शंका नाही. गंमत म्हणजे बोटीवरच्या सगळ्यात जुन्या वस्तू सगळ्यात कमी त्रास देतात. विंच, नांगर, होकायंत्र. त्रास मधल्या पिढीचा. नळाचा विजेचा पंप, शिडाची गुंडाळी करणारं प्लॅस्टिक, माझ्या वयाच्या जवळपासच्या वस्तू.

वहीवरून आठवलं. त्या गुरुवारनंतर मी दोन्ही वह्या पहिल्यापासून वाचल्या, एकेक पान. डबा काकांनी १९९९ च्या डिसेंबरात बसवला होता. त्या काळी नागरी जीपीएसमध्ये अमेरिकेचं सरकार मुद्दाम चूक मिसळायचं, जागा शंभरेक मीटर इकडेतिकडे दाखवायची. ती भेसळ २ मे २००० ला बंद झाली, रात्रीत, एकाच वेळी सगळ्या जगासाठी. काकांना बातमी कळलेली दिसत नाही. त्यांची २ मेची नोंद अशी: "धक्क्याला बांधलेली असूनही रोज आकडे हलतात, आज हलत नाहीत. डबा बिघडला बहुतेक." मी एकटी केबिनमध्ये बसून मोठ्याने हसले. यंत्र पहिल्यांदा खरं बोलू लागलं तर माणूस त्यालाच बिघडलं म्हणतो. एका ओळखीच्यांच्या बोटीत मी डेक्काचा, म्हणजे जीपीएसच्या आधी रेडिओ लहरींवरून जागा सांगणाऱ्या यंत्रणेचा, जुना डबा पाहिला आहे. वीज जोडली की अजून दिवे लागतात, आकडे फिरतात, पण ब्रिटनमधली डेक्काची प्रक्षेपण केंद्रं २००० सालीच बंद झाली. ऐकायला बसलेला आहे, बोलणारं कुणी नाही. अमेरिकेने २०१० मध्ये लोरान-सी ही तशीच यंत्रणा बंद केली तेव्हाही असे किती धडधाकट डबे एका दिवसात बहिरे झाले असतील.

असं काही लिहिलं की कुणीतरी 'सुहेली'ची आठवण काढतंच. मुंबईत बांधलेली, सागवानी, बत्तीस फुटी. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन तिला घेऊन १४ जून १९६८ ला निघाले आणि ३१२ दिवसांनी, २२ एप्रिल १९६९ ला, कुठेही न थांबता एकट्याने पृथ्वीला वळसा घालून परतले. ती शर्यत होती. नऊ जण निघाले होते, पोचले तेवढे एकच. वाटेत तिच्या फळ्यांच्या सांध्यांतून पाणी येऊ लागलं, रेडिओ गेला, आपोआप दिशा धरणारं यंत्र मोडलं. त्या शर्यतीच्या पन्नाशीला, २०१८ मध्ये, तिचीच उजळणी झाली, आणि त्यात जाणूनबुजून १९८८ पूर्वीच्या आराखड्यांच्या लांब कण्याच्या बोटीच चालतील असा नियम होता. जीपीएस नाही, सूर्य-ताऱ्यांची उंची मोजणाऱ्या सेक्स्टंटवर जायचं. मलाही हे सगळं वाचून उर भरून येतो, नाही असं नाही. पण ही गोष्ट जुन्या बोटीच्या बाजूने सांगितली जाते तेव्हा मला जरा अवघडायला होतं. सुहेली तेव्हा जुनी नव्हतीच! चार-पाच वर्षांची होती. मोडलं ते नवं सामान. आणि मोडलेलं प्रत्येक काम त्यांनी त्याच वेळी हाती घेतलं, पाण्यात बुडी मारून सांधा बुजवण्यापर्यंत. "उद्या बघू" लिहायची त्यांना चैन नव्हती. आम्हाला आहे. आम्ही शनिवार-रविवारचे खलाशी, आणि आमच्या बोटी आमच्या उद्यांनी भरलेल्या असतात.

माझा धाकटा भाऊ माझ्याबरोबर येतो. त्याला बोट आवडते, बोटीतलं सामान आवडत नाही. "ताई, हे डबडं फेकून दे ना. फोनमध्ये सगळं आहे." मी म्हटलं, फोन ओला झाला तर? "मग नवा जीपीएस घे." बरोबर आहे त्याचं. तारखेचं कळल्यावर तर त्याला जोरच चढला. वेळ चुकीची सांगणाऱ्या यंत्रावर जागेच्या बाबतीत तरी विश्वास कसा ठेवायचा, हा त्याचा प्रश्न. मी त्याला आठवडे आणि बिटांचं समजावून सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "आणि सीकॉक फिरत होता म्हणून काका ठीक लिहायचे, तेच ना हे?" मला उत्तर सुचलं नाही. अजूनही पूर्ण सुचलेलं नाही. इतकंच की डबा कुठे चुकतो हे मला आता माहीत आहे, आणि त्या तोटीबद्दल माहीत नव्हतं. पण माहीत नसलेलं आणखी कुठे काय आहे, हे कुणी सांगावं? त्याच्या हट्टाखातर नवा जीपीएस आणला. तो छान आहे. जुना काढून त्या जागी बसवायचं काम राहिलं आहे.

दहा दिवसांनी, रविवारी, आम्ही हीट एक्स्चेंजर उघडला. एकोणीस वर्षं राहिलेलं काम म्हणून नाही, असं मी भावाला सांगितलं. इंजिन गेले काही महिने जरा जास्त तापत होतं, तेही खरंच होतं. इंजिनाचा डबा उघडला की जो वास येतो तो मला आवडतो, डिझेल, ओलं रबर, जुना रंग. मी पोटावर झोपून, टॉर्च दातांत धरून, टोपणाचे दोन बोल्ट सोडवले. एक सरळ निघाला. दुसऱ्याला तेल, थोड्या वेळाने आणखी तेल, मग नाइलाजाने शिव्या. टोपण निघालं तेव्हा आतून गंजट पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं. नळ्यांच्या तोंडाशी चिमट्याने चाचपलं आणि काळं काहीतरी लागलं. नखाएवढा रबराचा तुकडा. मग आणखी एक, वाकडा. मग तिसरा, दगडासारखा कडक. तिन्ही फडक्यावर ओळीने ठेवले. काकांचं सहावं पातं यातलं कोणतं? की काकांच्याही आधीच्या कुणाचं? की तिन्ही माझीच, या तीन वर्षांतली? मी इम्पेलर बदलताना पाती मोजली होती का, तेही मला आठवेना. कडक तुकडा मी टॉर्चखाली उलटापालटा करून पाहिला. रबरावर तारीख नसते.

टोपण नव्या गॅस्केटवर बसवलं, इंजिन सुरू केलं, आणि मागे जाऊन पाहिलं. पाणी भकभक करत, भरघोस, बाहेर पडत होतं. हात धुवायला गेले तोवर भाऊ चार्टच्या टेबलाशी वही घेऊन बसला होता. माझी वही. काकांच्या दोन्ही वह्या भरल्या, म्हणून मी तिसरी सुरू केली आहे. वरच्या डब्याला मघाशी उपग्रह सापडले होते. त्याने वर बघून अक्षांश-रेखांश उतरवून घेतले, जागेवरच बांधलेली बोट असली तरी तो ते लिहितोच, आणि त्याच ओघात तारीखही उतरवून घेतली. ६ मार्च २००५. मग खाली लिहिलं, "हीट एक्स्चेंजर उघडला. रबराचे तुकडे तीन." मी ओल्या हातांनी त्याच्या खांद्यावरून वाचत होते. काही बोलले नाही. त्याला स्वतःलाच लक्षात आलं, "अरेच्चा" म्हणाला, आणि तारखेवर एक आडवी रेघ मारून शेजारी २० ऑक्टोबर २०२४ लिहिलं.

वार त्याने बदलला नाही. रविवारच होता.